तांबीचे हरवलेले धागे

मला बसवले त्या दिवशी माझे दोन धागे गर्भाशयाच्या मुखाबाहेर तीन सेंटीमीटर लोंबत होते. चार वर्षांनी त्यांतला एक मिलिमीटरही बोटाला लागेना. या काळात मी जागची हलले नव्हते.

मित्रांनो, आणि विशेषतः मैत्रिणींनो, मी एक जुनी तांबी आहे. उंची छत्तीस मिलिमीटर, रुंदी बत्तीस. पांढऱ्या प्लॅस्टिकचे अंग, वर दोन आडवे हात, अंगाभोवती तांब्याची बारीक तार आणि हातांवर तांब्याची कडी. यंत्राने मला घडवले, निर्जंतुक करून पाकिटात बंद केले आणि पाकिटावर माझी कमाल सेवा छापली: दहा वर्षे. निवृत्तीची तारीख जन्मतःच ठाऊक असण्याचे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

माझी मालकीण घड्याळे दुरुस्त करते. तेव्हा तिची मुलगी दहा महिन्यांची होती आणि पुढची काही वर्षे दुसरे मूल नको, असे नवराबायकोने ठरवले होते. डॉक्टरबाईंच्या टेबलावरचे माझे पाकीट तिने उजेडाकडे धरून निरखले. हिच्यात स्प्रिंग आहे का, हा तिचा पहिला प्रश्न. नाही, म्हटल्यावर तिला निम्मा विश्वास वाटला. उरलेला निम्मा डॉक्टरबाईंनी आकडे सांगून मिळवला. वीसजणींत एखादीची तांबी आपोआप बाहेर पडते, बहुधा पहिल्या वर्षात. हजारात एखाद-दुसरीच्या गर्भाशयाला बसवताना छिद्र पडते. संसर्गजन्य रोगांपासून तांबी वाचवत नाही. बाईंनी काही लपवले नाही, म्हणून मालकिणीने होकार दिला.

बसवण्याचा प्रसंग लोक समजतात तितका भयंकर नाही आणि काही जण सांगतात तितका किरकोळही नाही. मालकीण गुडघे दुमडून निजली. चोचीसारखे एक उपकरण आत सरकवून मार्ग मोकळा केला. ते गार लागेल हे आधी सांगितले होते, आणि ते गारच लागले. नको वाटेल तिथे ‘थांबा’ म्हणायचे, असेही ठरले होते. गर्भाशयाचे मुख पुसून झाल्यावर बारीक सळईने गर्भाशयाची खोली मोजली. सात सेंटीमीटर. या वेळी पाळीच्या दुखण्यासारखी जोरात कळ आली. सिस्टरने तिचे लक्ष वळवावे म्हणून आपले मनगटी घड्याळ पुढे केले, रोज चार मिनिटे मागे पडते म्हणाली. मालकिणीने दात आवळून, पण अचूक निदान केले: आत तेल सुकले आहे. तेवढ्यात मी हात मिटून एका नळीतून आत शिरले, नळी मागे सरली आणि मी हात पसरले. सगळे मिळून पाच-सहा मिनिटे. एखादीला घेरी येते म्हणून तिला थोडा वेळ तसेच पडून राहायला सांगितले.

पहिले तीन-चार महिने पाळीत रक्तस्राव जास्त झाला, पोटही दुखले. मग सारे निवळले. माझे तांबे शुक्राणूंना निकामी करते. माझे काम एवढेच. काहीच घडू न देणे हा ज्याचा व्यवसाय, त्याचे कौतुक होत नाही. न घडलेल्या गोष्टीचा सत्कार कोण करणार? मालकीण मला विसरली, आणि तीच मी माझी शाबासकी मानली. फक्त दर पाळीनंतर ती बोटाने धाग्यांची टोके तपासायची.

चौथ्या वर्षी दोघांना दुसरे मूल हवेसे वाटले. मालकिणीचे वय सदतीस. वेळ दवडण्याजोगा नव्हता. तांबी काढायची तारीख तिने घेतली, आणि त्याच आठवड्यात धागे लागेनासे झाले. ती घाबरली. तांबी सापडली नाही तर? निघालीच नाही तर? दुसरे मूल त्या दोन धाग्यांवर अडले होते.

जाऊबाईंनी आगीत तेल ओतले. तांबी अंगभर फिरते, त्यांच्या मामेसासूच्या शेजारणीची थेट छातीत जाऊन बसली होती, असे त्या म्हणाल्या.

“कुठल्या रस्त्याने?” मालकिणीने विचारले.

जाऊबाई बोटाने पोटापासून छातीपर्यंत हवेत रेघ ओढू लागल्या. तेव्हा इतका वेळ शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई बोलल्या.

“तुमच्या दोघींच्या नवऱ्यांमध्ये सहा वर्षांचं अंतर आहे. ते काय देवानं पट्टीनं मोजून दिलं? मलाही तांबी होती. काढली आणि चौथ्या महिन्यात धाकट्याची चाहूल लागली. तू डॉक्टरकडे जा, हिच्याकडे नको.”

जाऊबाई धाकट्याची बायको. आपला नवरा एका तांबीच्या निवृत्तीमुळे जगात आला, हे ऐकून त्याच सर्वांत मोठ्याने हसल्या.

दवाखान्यात नवराही सोबत आला. आधी गर्भधारणेची चाचणी झाली. ती नकारार्थी आली. मग सोनोग्राफी. पडद्यावर मी होते, अगदी बसवले होते तिथेच, हात पसरून. मालकिणीने सोडलेला निःश्वास मला आत जाणवला. धागा हाती आला नाही तर दुसऱ्या दिवशी मोठ्या इस्पितळात भूल देऊन मला काढावे लागेल, हे डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितले. मग त्यांनी मुखाच्या नळीत एक बारीक ब्रश फिरवला. काही लागले नाही. दुसऱ्या वेळी फिरवला, आणि दोन्ही धागे त्यात अडकून खाली आले. चिमट्याने हलकी ओढ बसली, माझे हात वर मिटले आणि मी बाहेर. एक कळ, फार तर दोन सेकंदांची.

“एवढंच?” मालकीण म्हणाली, आणि नवऱ्याचा हात धरून हसत सुटली. प्रयत्न याच महिन्यापासून करता येईल, तांबीचा परिणाम मागे उरत नाही, असे डॉक्टरबाईंनी सांगितले. नवरा पावाच्या भट्टीवर काम करतो. त्याचा चेहरा त्या क्षणी भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावासारखा फुलला होता.

दहा वर्षांची सेवा चारच वर्षांत संपली, याचे मला दुःख नाही. त्या दोघांना हवे तेव्हा निघता येणे हाही माझ्या कामाचाच भाग आहे. आता मी स्टीलच्या ट्रेमध्ये आहे आणि थोड्याच वेळात कचऱ्याच्या पिशवीत जाईन. तुम्हाला विनंती इतकीच: तांबी बसवाल तर बसवल्याची तारीख लिहिलेले तिचे कार्ड जपा, तपासणी चुकवू नका आणि धागे लागले नाहीत तर शेजारणीच्या छातीपर्यंत न पोहोचता दवाखाना गाठा. तांबी जागेवर आहे हे कळेपर्यंत दुसरे साधन वापरा.

मालकीण मात्र उठेना. “बंद का पडलं हे कळल्याशिवाय मी घड्याळ गिऱ्हाइकाला परत देत नाही. धागे गेले कशाने?”

डॉक्टरबाईंनी माझे धागे पट्टीवर ठेवले. जेमतेम साडेचार सेंटीमीटर, म्हणजे मुखाबाहेर एकच; टोके तुटलेली नव्हती, सरळ कापलेली होती. त्यांनी जुनी फाइल उघडली, बसवल्यानंतरच्या सहाव्या आठवड्यातील तपासणीच्या नोंदीवर बोट ठेवले आणि चष्मा काढला.

“अक्षर माझंच आहे,” त्या म्हणाल्या.

नवरा छताकडे पाहू लागला. समागमाच्या वेळी त्याला धाग्याचे टोक टोचते अशी तक्रार तेव्हा आली होती, म्हणून डॉक्टरबाईंनी धागे कापले होते, आणि गरजेपेक्षा जास्त कापले होते. लांब धागा मऊ पडून मुखाभोवती वळतो. आखूड धागा ताठ राहतो आणि कालांतराने वर वळून मुखाच्या नळीत शिरतो. माझे धागे तिथेच होते.