ड्रायव्हर गॅस्परची बायको

वादळात आसनसोलच्या दफनभूमीतलं शिरीषाचं झाड कोसळलं आणि थेल्मा गॅस्परच्या पणजीच्या थडग्यावरचा दगड फुटला. नवा घडवायचा तर नाव हवं. जुन्यावर 'ड्रायव्हर हेन्री गॅस्पर यांची पत्नी' एवढंच होतं आणि चर्चची दप्तरं वाळवीनं खाल्ली होती. मग निवृत्त मास्तरीण थेल्मा कलकत्त्याच्या ग्रंथालयात जाऊन साहेबाच्या काळातली इंग्रजी वर्तमानपत्रं चाळू लागली. रेल्वेतल्या निमगोऱ्यांचे, म्हणजे अँग्लो-इंडियनांचे, जन्म, लग्नं, मयतं त्यांत छापून येत.

महिनाभरानं नोंद सापडली. 'आसनसोल येथे श्री. एच. गॅस्पर यांच्या पत्नीस पुत्र झाला.' पुढे कन्या, मग पुन्हा पुत्र. दर वेळी 'यांच्या पत्नीस'.

"बाळंत ही झाली आणि नाव त्याचं," थेल्मा पुटपुटली.

ग्रंथपाल शोभनबाबूंनी दुसरा अंक पुढे सरकवला. "दीदी, इथेही गॅस्पर आहेत."

रेल्वे क्लबातल्या शर्यतींची बातमी होती. 'श्री. गॅस्पर यांची घोडी ब्लूबेल दुसरी आली.'

थेल्मानं चष्मा काढला. "घोडीचं नाव आहे."

"दुसरी आली ना," शोभनबाबू ओशाळून म्हणाले.

घरी येऊन तिनं हे नव्वदीला टेकलेल्या मर्ल आन्टीला, आपल्या आत्याला, सांगितलं. आन्टी शांतपणे पिवळा भात कालवत राहिली.

"सापडणार कसं? ती संथाळ होती. असलं कोण छापायला देतं?"

"आपण तर तिला आयरिश म्हणत आलो."

"पप्पांनी शपथ घातली होती."

"तुला ठाऊक होतं आणि मी तिथे धुळीत डोळे फोडत बसले? निदान नाव तरी सांग."

"आम्ही ग्रॅनी म्हणायचो. आजोबा 'अगं ए' म्हणायचे."

"आणि तिच्या माहेरचे?"

"त्यांना कुणी रेल्वे कॉलनीच्या फाटकाच्या आत घेत नव्हतं."

थेल्मानं ताट सारलं. आन्टीवर ओरडून काय होणार होतं, आणि बाकीचे तर सगळे मातीत गेलेले.

दुसऱ्या दिवशी पाथरवटानं विचारलं, "यांची पत्नी, असंच कोरू?"

"नको. आल्बर्ट, रोझ आणि स्टॅन्ली यांची आई, असं कोर. वर एक ओळ मोकळी सोड."

"मोकळी जागा वाईट दिसेल, मेमसाब."

"दिसू दे," थेल्मा म्हणाली.