पेल्टन साहेब परत येईपर्यंत

रेव्हरंड विश्वजीत त्रिभुवन यांनी पनवेलच्या ख्रिस्ती मंडळीत पहिलं प्रभुभोजन दिलं ते रविवार, ३ जुलै २०११ रोजी, सकाळच्या उपासनेत. भाकरीपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्यांनी प्याला उचलला, प्रार्थना केली, प्रथेप्रमाणे पहिला घोट स्वतः घेतला आणि डोळे मिटले. जवळपास मिनिटभर ते मिटलेलेच होते. बाकांवरच्या एक्केचाळीस जणांना नव्या पाळकांची भक्ती किती खोल आहे ते जाणवलं. पाळकांना कोकम जाणवलं. कोकम, थोडं जिरं, आणि मीठ.

उपासना संपल्यावर त्यांनी मंडळीचे सेक्रेटरी कमळाकर उजगरे यांना बाजूला घेतलं. कमळाकर बत्तीस वर्षं पोस्टात नोकरी करून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते.

"प्याल्यात काय होतं?" पाळकांनी विचारलं.

"कोकम. नेऱ्याहून येतं. गुणाबाई करून आणतात."

"पण प्रभुभोजनाला द्राक्षरस लागतो, काका."

"इतर मंडळ्यांना लागतो," कमळाकर म्हणाले आणि त्यांनी कपाट उघडलं.

कपाटात एक फाइल होती. फाइलमधलं पहिलं पत्र लॅमिनेट केलेलं होतं. १४ एप्रिल १९२७ रोजी रेव्हरंड हायरम पेल्टन या अमेरिकन मिशनऱ्याने ते मंडळीला मराठीत लिहिलं होतं. 'मुंबईहून रसासाठी मनुका वेळेवर पोचल्या नाहीत म्हणून गेल्या रविवारी आपण चंद्रावतीबाईंच्या हातचा कोकमाचा रस चालविला. मी उद्या रजेवर स्वदेशी जात आहे. मी परत येईपर्यंत तोच चालू ठेवावा. काही बदलू नये. आल्यावर पाहू.'

"मग आल्यावर काय ठरलं?"

"आले नाहीत."

"कधीच?"

"अजून तरी नाही."

"काका, चौऱ्याऐंशी वर्षं झाली. ते वारले असतील."

"असतील," कमळाकरांनी मान्य केलं. "पण तसं पत्र आलेलं नाही."

पाळकांनी फाइल घरी नेली. पेल्टन यांच्यानंतर पनवेलला अकरा पाळक झाले होते आणि त्यांपैकी नऊ जणांनी वरच्या कार्यालयाला प्याल्याबद्दल लिहिलं होतं. १९३४च्या पाळकांनी मनुकांसाठी मंजुरी मागितली. उत्तर आलं की हा विषय पेल्टन यांच्या अखत्यारीतला असून ते रजेवर आहेत. १९५१च्या पाळकांनी पित्ताची तक्रार केली. त्यांनाही तेच उत्तर, फक्त टाइप केलेलं. १९७२च्या पाळकांनी पहिल्या वर्षी चार पत्रं लिहिली, दुसऱ्या वर्षी एक, तिसऱ्या वर्षी एकही नाही. बदली झाल्यावर त्यांनी सोलापूरहून मंडळीला पोस्टकार्ड टाकलं होतं: कोणी येणार असल्यास दोन बाटल्या पाठवाव्यात.

'काही बदलू नये' ही सूचनाही मंडळीने मनावर घेतली होती. भिंतीवरचं घड्याळ पेल्टन गेले तेव्हा वीस मिनिटं पुढे होतं, ते पुढेच ठेवलं होतं आणि सगळे त्या हिशेबाने यायचे. डावीकडचा तिसरा बाक डुगडुगत होता म्हणून त्यावर कोणी बसत नसे, पण तो काढतही नसत.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारीही पाळकांनी डोळे मिटून प्याला घेतला. त्या आठवड्यात ते रिक्षा करून नेऱ्याला, गुणाबाईंच्या गावी, गेले.

गुणाबाई तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या. चंद्रावती ही त्यांची सासू. १९६८ साली ती गेल्यापासून प्याला गुणाबाई करत होत्या. पडवीत कोकमाच्या आगळाच्या, म्हणजे घट्ट रसाच्या, बाटल्या ओळीने ठेवल्या होत्या. 'प्रभूची' म्हणून वेगळी ठेवलेली बाटली पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली होती.

"सलाम, गुणामावशी."

"सलाम, पाळकसाहेब. बसा. सरबत घेता?"

"नको, नको," पाळक जरा घाईनेच म्हणाले. "मावशी, मी म्हणत होतो, आता सगळं बाजारात मिळतं. द्राक्षरसाची बाटली मीच आणेन. तुमची या वयात एवढी धावपळ कशाला?"

"धावपल कसली? सा आसनी रिक्षा दारातून जाते."

"तरी पण..."

"तुमाला बंद करायचाय ना?" गुणाबाई म्हणाल्या. "सरल बोला की. माझा नवरा गेला. पोरगा पुन्याला हाय, तो फोन करतो. आख्ख्या म्हयन्यात एक दिवस असतो का चालीस मान्सं माझ्या हातचं घेतात नि देवाचं नाव घेतात. तो दिवस तुमी काढून घेतलात तर मंग मी तितं येऊन काय करू? डुगडुगत्या बाकावर बसू?"

पाळक परत आले आणि जे पनवेलच्या आधीच्या अकरा पाळकांनी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. पेल्टन यांचं काय झालं याचा त्यांनी इंटरनेटवर शोध घेतला. चार दिवसांत कळलं की पेल्टन १९५८ साली अमेरिकेत वारले. त्यांची नात मार्गारेट, वय बहात्तर, ई-मेल वापरत होती. तिने कळवलं की आजोबांनी हिंदुस्थानातून आजीला लिहिलेली सगळी पत्रं तिच्याकडे आहेत. 'पनवेल' असा उल्लेख असलेलं शेवटचं पत्र तिने स्कॅन करून पाठवलं.

ते पत्र पाळकांनी रात्रीत तीनदा वाचलं. शनिवारी, २४ सप्टेंबरला, त्यांनी सगळ्या मंडळीची सभा बोलावली, गुणाबाईंनाही निरोप पाठवला आणि पत्राचं मराठी भाषांतर उभं राहून वाचून दाखवलं.

"'प्रिय हॅना, गेल्या रविवारी प्याल्यात मला एक लाल पेय देण्यात आले. माझ्या आयुष्यात मी इतके खारट काही प्यालो नाही; बोटीवरून पडलो होतो तेव्हासुद्धा नाही. मी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटले, मी प्रार्थनेत आहे. ज्या बाईने ते केले ती समोरच बसली होती आणि तिचा चेहरा इतका आनंदी होता की मला बोलवेना. मी लिहून दिले की परत येईपर्यंत हेच चालू द्या. आता अडचण अशी की रजेनंतर इथे परत आलो तर मला एक तर ते प्यावे लागेल, नाही तर तिला सांगावे लागेल. मिशन मंडळाने मला तिकडेच एखादे चर्च दिले तर पाहावे, असे वाटते.'"

पाळकांनी कागद खाली घेतला.

"म्हणजे," पाळक म्हणाले, "साहेब कोकमामुळेच परत आले नाहीत. आणि आता येणारही नाहीत. तेव्हा ती सूचना संपली असं मला वाटतं."

कमळाकर उभे राहिले. "पत्र कोणाच्या नावे आहे?"

"त्यांच्या बायकोच्या. हॅना पेल्टन."

"इथे कोणी हॅना पेल्टन आहे का?" कमळाकरांनी सभेवरून नजर फिरवली. कोणी नव्हतं. "दुसऱ्याच्या नावचं टपाल आपल्याला वाचता येत नाही, पाळकसाहेब. तुम्ही वाचलंत, ते झालं. पण त्यावर ठराव करता येणार नाही. मंडळीच्या नावे पत्र एकच आहे आणि त्यात लिहिलंय, काही बदलू नये."

"काका, ज्यांनी लिहिलं त्यांनाच ते नको होतं!"

"मग त्यांनी तसं कळवायचं. पोस्ट तेव्हाही चालू होतं."

"थांब रे कमलाकर," मागून आवाज आला. गुणाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "म्हंजे त्या साहेबाला आवडला नव्हता?"

"नाही, मावशी."

"नि तोंडावर नाय सांगितलान. माझी सासू मरंपरयंत बोलत होती, साहेब डोले मिटून प्याला म्हनून." त्या पुढे आल्या आणि पाळकांच्या समोर थांबल्या. "तुमी पन डोले मिटता. तुमाला आवडतो?"

एक्केचाळीस माणसं पाळकांकडे बघत होती. पाळकांनी हातातला कागद दोनदा घडी करून खिशात घातला.

"नाही," ते म्हणाले. "फार खारट लागतो."

"लागंलच," गुणाबाई म्हणाल्या. "त्यात दोन येला मीठ पडतंय."

कमळाकर खाली बसता बसता थांबले. "दोन वेळा?"

"आगल टिकायला मीठ घालतात, ते एक. त्या रविवारी सासूला वाटलं, घालायचं राहिलं, म्हनून तिनं प्याल्यात वरतून पन मूठभर टाकलं. घरी आल्यावर तिच्या ध्यानात आलं. पुढच्या येला ती नीट करनार होती. पन तवर साहेबाचं पत्र आलं, काय बदलू नये. मंग तिनं दोन येला टाकलं, मीबी दोन येला टाकते. आमाला काय हौस हाय?"

"मावशी, तुम्ही कधी सांगितलं नाही?"

"तुमी कोनी इचारलात? सगले गुपचूप डोले मिटायचे."

पाळकांना आता द्राक्षरसाचा विषय काढायचा होता. भाषांतराच्या मागच्या पानावर त्यांनी चार मुद्दे लिहून आणले होते. पण गुणाबाई अजून त्यांच्यासमोरच उभ्या होत्या.

"तर मंग मीठ एक येला टाकलं तर चालंल तुमाला?"

"चालेल," पाळक म्हणाले आणि त्या क्षणी आपले चारही मुद्दे बाद झाले हे त्यांना कळलं. विशेष वाईट वाटलं नाही.

कमळाकरांचं समाधान व्हायला आणखी दीड तास लागला. शेवटी असं ठरलं की १९२७चा मीठ दोन वेळा टाकण्याचा प्रकार ही पेल्टन यांची सूचना नसून चंद्रावतीबाईंची नजरचूक होती, आणि नजरचूक दुरुस्त करणं म्हणजे बदल नव्हे. प्याला गुणाबाईंकडेच राहील. त्यांच्यानंतर कोणाकडे, ते त्या सांगतील. पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी पाळकांनी नेऱ्याला जाऊन रस चाखायचा आणि मत तिथेच, बोलून द्यायचं. लेखी चालणार नाही. ही शेवटची अट गुणाबाईंची होती.

शनिवारी, १ ऑक्टोबरला, पाळक नेऱ्याला गेले. पहिला घोट घेऊन म्हणाले, "अजून थोडं पाणी." दुसरा घेऊन म्हणाले, "जिरं नको." तिसऱ्याला म्हणाले, "आता चांगला झालाय, मावशी." नंतर त्यांनी स्वतःहून अख्खा पेला मागून घेतला. गुणाबाईंनी बाटली पुसली, पांढऱ्या फडक्यात गुंडाळली आणि सकाळची रिक्षा वेळेवर येते का ते विचारायला शेजारी गेल्या.

रविवारी त्या पुढच्या बाकावर बसल्या होत्या. प्याला फिरला. पाळकांनी डोळे उघडे ठेवले. बाकांवर मात्र ठिकठिकाणी लोक एकमेकांकडे बघत होते. उपासना सुटल्यावर तिघे जण गुणाबाईंपाशी आले.

"गुणाबाई, आज जरा अळणी लागलं," एक जण हळूच म्हणाला.

"कायतरी राहिलंय असं वाटलं," दुसरा म्हणाला. "लहानपणापासूनची चव ती. तीच नाही."

"मला काय बोलता?" गुणाबाईंनी दाराकडे बोट दाखवलं. तिथे पाळक सगळ्यांना निरोप देत उभे होते. "त्यांनी चाखून कमी करवलं. जा, त्यांच्या तोंडावर सांगा."

तिघे दाराशी गेले. तिघांनी पाळकांशी हात मिळवला.

"सलाम, पाळकसाहेब. आजची उपासना फार चांगली झाली," पहिला म्हणाला. उरलेल्या दोघांनी मान डोलावली आणि तिघे पायऱ्या उतरून टपाल नाक्याकडे गेले.

बुधवारच्या टपालाने पाळकांना तीन पत्रं आली. तिन्ही मिठाबद्दल होती. एकावर सही नव्हती.