माझ्या गुडघ्याचं निमित्त

आमच्या गावात पाहुण्याला कॉफी विचारली की तो नको म्हणतो. पुन्हा विचारली की पुन्हा नको म्हणतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर 'बरं, अर्धा कप' म्हणून टेकतो तो किटली रिकामी करूनच उठतो. आमचे पणजे नॉर्वेहून अमेरिकेत, विस्कॉन्सिनच्या या खोऱ्यात आले, ते बहुधा ही भीड पेटीत घालूनच आले असावेत. ताटलीतला शेवटचा तुकडा तर इथे कुणी उचलत नाही. त्याचा अर्धा करतात, मग अर्ध्याचा अर्धा, आणि उरलेला चुरा कोंबड्यांना जातो.

दर जूनमध्ये आम्ही चौघं दिवसभराची सायकलफेरी काढतो. मी, माझा नवरा गेलन, भूगोलाचा निवृत्त मास्तर डेलमार आणि त्याची बायको लव्होन. जाताना जुन्या रेल्वेचे रूळ उखडून केलेली सपाट वाट, टेकडीच्या पोटातला बोगदा, पलीकडच्या गावात जेवण. येताना शेतांमधल्या डांबरी रस्त्याने तीच टेकडी चढून घर. शेवटच्या वळणावर माझा दम संपतो आणि मी दरवर्षी उतरून सायकल ढकलते. मागच्या हिवाळ्याआधी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा पलंगावर पडल्या पडल्याच ठरवलं होतं की यंदा पाय टेकवायचा नाही. बर्फ वितळल्यापासून रोज गावामागच्या चढावर सराव करत होते. गेलनला ते ठाऊक होतं. त्यालाही चल म्हटलं की त्याला नेमकं गॅरेजचं दार दुरुस्त करायचं असायचं.

मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात बैठक बसली. मी रुबार्बच्या आंबट देठांच्या आंबटगोड वड्या केल्या होत्या. डेलमारने नकाशा पसरला आणि वर्गात उभा असल्यासारखा पेन्सिलीने वाट दाखवू लागला.

"आणि येताना टेकडी," तो म्हणाला.

"टेकडी यंदा राहू दे," गेलन म्हणाला. "आर्डिसचा गुडघा."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो नकाशावरच्या नदीत बुडाला होता.

"माझ्यासाठी काही बदलू नका रे," मी म्हणाले.

"बघा, कशी म्हणते!" लव्होनने माझा हात दाबला. "अगं, आम्हाला काय समजत नाही?"

"खरंच, मला टेकडी चालेल."

"हिंमत आहे हो हिची," डेलमार म्हणाला आणि त्याने टेकडीवरची रेघ खोडरबराने पुसली.

झालं! आमच्याकडे 'माझ्यासाठी नको' याचा अर्थ 'करा, उपकार होतील' असा धरतात. मी जितकं नको म्हणावं तितकी सगळ्यांना माझी दया येणार. तिसऱ्यांदा मात्र मेलं कुणी विचारलंच नाही.

"मग परत कुठून यायचं?" मी विचारलं.

"जाऊ तसंच. बोगद्यातून," गेलन म्हणाला.

"म्हणजे फेरी गोल कुठे राहिली?"

"लांबट गोल," भूगोलाचे मास्तर म्हणाले.

पुढचे दोन दिवस मी गेलनशी फक्त हवामानावर बोलले. आमच्याकडे भांडण म्हणतात ते यालाच.

फेरीच्या दिवशी ऊन छान होतं, आणि माझ्या वड्यांचा डबा लव्होनच्या सायकलच्या टोपलीत होता. बोगद्यात सायकल चालवायची बंदी आहे, त्यामुळे छतातून गळणारं थंड पाणी मानेवर झेलत, विजेरीच्या उजेडात आम्ही सायकली ढकलत गेलो. माझ्या गुडघ्याला आराम म्हणून परतताना पुन्हा हीच पायपीट होती! पलीकडच्या गावात दाताखाली कुचकुच वाजणारं ताजं चीज खाल्लं आणि परत निघालो. बोगद्याच्या अलीकडे डावीकडे टेकडीचा रस्ता फुटतो. डेलमारने विजेरी काढली. मी थांबले.

"मला टेकडीवरून जायचंय," मी म्हणाले.

इतकं सरळ वाक्य आमच्यात कुणी बोललं की लोक आधी डॉक्टर शोधतात. लव्होनने माझ्याकडे पाहिलं, मग डेलमारकडे.

"तुम्हीही चला की. माझा गुडघा ठणठणीत आहे."

"माझ्या चाकात हवा जरा कमीच वाटते," डेलमार म्हणाला.

"अंधारात याला एकट्याला कसं सोडू?" लव्होन म्हणाली.

गेलन वाकून सायकलची चेन निरखू लागला. मी तिघांकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझा एक गुडघा या सगळ्यांची गुडघेदुखी वाहत होता. इतका राग आला की निरोपही न घेता पेडल मारलं.

चढाने जीव काढला. शेवटच्या वळणावर मांड्या पेटल्या, डोळ्यांत घाम गेला, सायकल डुलायला लागली. पाय टेकवला असता तरी बघायला कोण होतं? एक ट्रॅक्टरवाला समोरून आला. त्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. आमच्याकडे यापेक्षा मोठी वाहवा नसते. मी माथ्यावर पोचले तेव्हा दोन्ही पाय पेडलवर होते, आणि मी एकटीच मोठ्याने हसले.

पलीकडे खाली उतरले तर तिघं बोगद्याच्या घराकडच्या तोंडाशी बाकावर भिजून बसले होते.

"आम्हाला किती काळजी!" लव्होन म्हणाली आणि तिने डबा पुढे केला. काळजीत त्यांनी एक सोडून सगळ्या वड्या संपवल्या होत्या. डेलमारने अर्धी करायला चाकू काढला. मी हात घालून अख्खी वडी उचलली. डेलमारचा चाकू हवेतच राहिला.

"कशी होती टेकडी?" त्याने विचारलं.

इथे उत्तर द्यायचं असतं, 'ठीक होती.' मी म्हणाले, "भयंकर होती. एकदाही उतरले नाही."

"मग पुढच्या वर्षी पुन्हा टेकडी धरू या," डेलमार घाईने म्हणाला. "गेलन, काय?"

गेलन ओल्या बुटांकडे बघत होता.

"मला नाही जमणार," तो म्हणाला. "मागच्या वर्षी वर पोचलो तेव्हा छातीत इतकं धडधडलं की मी घाबरलो. तुला सांगायला लाज वाटली गं, आर्डिस. म्हणून तुझा गुडघा पुढे केला."

लग्नाला उभी हयात झाली, पण इतकं सरळ तो कधी बोलला नव्हता. माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी बाकावर त्याच्या शेजारी टेकले.

"सोमवारी डॉक्टरकडे जायचं," मी म्हणाले. वडी मोडली आणि मोठा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

तो एकदाही नको म्हणाला नाही.