डावीकडचा काळोख

दुबईत मंदी आली, घरं विकली जाईनात, आणि न विकलेल्या घरांचे फोटो काढायला कुणाला माणूस हवा असतो? विभावरीची फोटोग्राफरची नोकरी गेली. मग शारजात, अल मजाज भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून ती लोकांचे जुने फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करून द्यायला लागली.

वरच्या मजल्यावर नूरुद्दीनभाई राहायचे, हैदराबादचे. त्यांनी आईवडिलांचा डाग पडलेला फोटो आणला, सोबत निगेटिव्ह. फोटो तपकिरी, कडा काळोखात विरघळलेल्या. हुबेहूब तसाच नवा हवा होता. ईदला अम्मीसाठी न्यायचा होता.

काम विभावरीच्या हातचं होतं. कॉलेजात तिने डार्करूममध्ये पुष्कळ प्रिंट काढले होते. एखादी जागा गडद करायची तर बाकीचा कागद पुठ्ठ्याने झाकून तिथे जास्त वेळ उजेड पाडायचा. आता तेच माउसने करायचं.

तिने निगेटिव्ह स्कॅन करून स्क्रीनवर सुलटी केली आणि बघतच राहिली. प्रिंटमध्ये अम्मीचा डावीकडचा हात काळोखात शिरून संपत होता. इथे त्या हाताचं बोट धरून पांढऱ्या फ्रॉकमधली एक लहान मुलगी उभी होती. पांढरा फ्रॉक चुकून काळा होत नाही. कुणीतरी मुद्दाम तिला त्या काळोखात बुडवलं होतं.

तिने नवऱ्याला, शैलेंद्रला दाखवलं. तो म्हणाला, त्यांनी मागितलाय तसा दे, खलास. नसत्या चौकश्या कशाला? ते पटलं आणि पटलंही नाही. लिफ्टमध्ये तिने नूरुद्दीनभाईंना सहज विचारल्यासारखं केलं, भाऊबहीण किती? एकटाच, म्हणून तर अम्मीचा लाडका, असं ते हसून म्हणाले.

विभावरीने ती जागा काळी केली. मुलीच्या डोळ्यांपाशी माउस दोनदा थांबला, पण केली.

ईदनंतर नूरुद्दीनभाई तोच प्रिंट घेऊन परत आले. अम्मी म्हणते, डावीकडे थोडा उजेड करून आण. पूरा नहीं, थोडा. तिथे काय आहे, ते त्यांना कळत नव्हतं. थोडा म्हणजे किती, हे विभावरीला कळत नव्हतं. तिने अम्मीशी बोलू का विचारलं, तेव्हा त्यांनी फोन लावून दिला.

"बेटी, तुमने देखा है ना?" पलीकडून आवाज आला.

नूरुद्दीनभाई समोरच उभे होते. "हाँ," ती म्हणाली.

"बस इतना, कि मुझे दिखे."

आईला दिसेल आणि मुलाला दिसणार नाही, असा उजेड पाडायला विभावरी कधी कुठे शिकली नव्हती. थोडं वाढवलं की मुलगी पुढेच यायची, कमी केलं की नाहीशी व्हायची. शैलेंद्रला दाखवून खात्री करावी, तर त्याला आधीच ठाऊक होतं. माहीत असलेल्याला ती दिसायचीच. शेवटी तिने अंदाजाने एका जागी हात आवरला आणि प्रिंट काढला.

नूरुद्दीनभाईंनी तो दारातच ट्यूबलाइटखाली धरून बराच वेळ पाहिला.

"हाथ अब अच्छा लग रहा है," एवढंच म्हणाले.

त्यांना दिसलं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून तिला उमगलं नाही. अम्मीने फोटो उशाशी ठेवलाय, असं पुढे त्यांनी सांगितलं. ती मुलगी कोण, हे विभावरीने विचारलं नाही. मूळ स्कॅन तिच्या कॉम्प्युटरवर अजून आहे. पुसावा की त्यांच्या हवाली करावा, याचा ती अधूनमधून विचार करते, आणि फाइल तशीच बंद करते.