चांदणीवालं नाणं

पंचवटीत देवळाच्या उतारावर लताबाईंचं चपला ठेवायचं स्टँड आहे. हल्ली लोक मेथीची जुडी घेतली तरी मोबाइल पुढे करतात, पण चपला ठेवायच्या म्हटल्या की खिशात हात घालून चिल्लरच काढतात, का कोण जाणे. त्यामुळे सगळ्या नाशकातली नाणी आटली तरी लताबाईंचा डबा खुळखुळत असतो. हा डबा म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा, कोंडाजींचा, जीव की प्राण होता.

कोंडाजींना दुसरा नाद नव्हता. तंबाखू नाही, पत्ते नाहीत. संध्याकाळी गर्दी ओसरली की गोणपाटावर डबा पालथा करायचा आणि एकेक नाणं डोळ्यांजवळ धरून साल वाचायचं. भारताचा नकाशा असलेलं जुनं दोन रुपयांचं नाणं दिसलं की माणूस खुलायचा. सालाखाली हिरा असला तर मुंबईच्या टाकसाळीचं, चांदणी असली तर हैदराबादचं, हे ऐकून ऐकून लताबाईंनाही पाठ झालं होतं. प्रत्येक नाणं प्लॅस्टिकच्या कप्प्यांच्या अल्बममध्ये आपापल्या जागी जायचं. नियम एकच, विकत घ्यायचं नाही. चिल्लरीतून आपणहून येईल तेच आपलं.

“पैसे मोजून आणलं तर ते सामान झालं,” कोंडाजी म्हणायचे.

“एवढं माझ्या तोंडाकडं बघितलं असतं, तर माझंबी साल वाचता आलं असतं तुम्हाला,” लताबाई म्हणायच्या. कोंडाजी हसायचे आणि पुढचं नाणं उचलायचे.

एका सालचं चांदणीवालं मात्र त्यांना वर्षानुवर्षं हुलकावणी देत होतं. शेवटी ते डब्यात आलं, तेव्हा या गृहस्थाने शेजारच्या फुलवाल्यापासून रिक्षावाल्यांपर्यंत पेढे वाटले. संच पुरा झाला. पुढे द्राक्षांचा हंगाम संपता संपता, स्टँडवर बसल्या बसल्याच ते गेले.

घरात माणसं जमली. निफाडहून धाकटे दीर पुंजाभाऊ आले, सातपूरच्या कंपनीतून मुलगा मयूर धावत आला. तोंडात ठेवायला नाणं द्या, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे पुरुष खिसे चाचपायला लागले. एवढी बाप्यामाणसं, पण एकाच्याही खिशात नाणं निघेना. प्रत्येकाकडे फोन होता. फोन काय तोंडात ठेवणार? डबा तिकडे स्टँडवर राहिलेला. लताबाईंनी भरल्या डोळ्यांनी फळीवरचा अल्बम ओढला, हाताला लागलं ते नाणं काढलं आणि नवऱ्याच्या ओठांत ठेवलं. ते त्यांच्याबरोबर चितेवर गेलं, आणि राख सावडताना कुणाच्या ध्यानात न आल्याने राखेबरोबर रामकुंडातही गेलं.

दहाव्याला कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर बसून होता, मान वाकडी करून पिंडाकडे बघत होता, पण खाली उतरायचं नाव घेईना. पुंजाभाऊंनी सांगून पाहिलं, “वैनीला वाऱ्यावर सोडणार नाय.” मयूरने हात जोडून सांगितलं, “आईला अंतर देणार नाही, अप्पा.” कावळा ढिम्म. ऊन चढलं, लोक घड्याळं बघायला लागले, आणि शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. त्या संध्याकाळी लताबाईंनी अल्बम उघडला, तर चांदणीवाल्याचा कप्पा रिकामा होता. जन्मभराचा संच आपणच आपल्या हाताने मोडला.

तेव्हापासून ते सुरू झालं. संध्याकाळी त्या डबा पालथा करायच्या, स्टँडला दोरी बांधायला पाठ वळवायच्या, आणि मागे नाण्यांचा आवाज व्हायचा. घसरल्याचा नव्हे, वेचल्याचा. वळून पाहावं तर नकाशावाली नाणी बाजूला काढून ओळीत मांडलेली असत, आणि कोंडाजींच्या बोटांना यायचा तो चिल्लरीचा कडवट वास सुटलेला असे. पहिल्या दिवशी लताबाई डबा तिथेच टाकून घरी पळाल्या होत्या.

मयूरने ऐकलं आणि ऑनलाइन तसलं नाणं मागवलं. कप्प्यात बसवलं. सकाळी ते मोरीजवळ पडलेलं मिळालं. मयूर उंदरांना दोष देत राहिला. लताबाई समजायचं ते समजल्या. नाणं चिल्लरीतूनच यायला हवं होतं, तोवर या माणसाला सुटका नव्हती. त्या दिवसापासून अल्बम स्टँडवर आला आणि त्या येणारं प्रत्येक नाणं उलटून बघायला लागल्या.

पण भीतीचीही सवय होते. आवाज सुरू झाला की त्या दिवसभराचं सांगायला लागल्या. कुणाची चप्पल बदलली, सुनेने काय टोमणा मारला, गुडघा किती दुखतो. जिवंतपणी या माणसाने कधी इतकं ऐकून घेतलं नव्हतं. एखाद्या संध्याकाळी आवाज उशिरा झाला तर त्यांचा जीव टांगणीला लागायचा.

मे महिन्यात, संध्याकाळी पायरीचा दगड अजून तापलेला असताना, ओल्या पदराची एक बाई चपला घ्यायला आली. तिने हातावर दोन रुपये ठेवले. नाणं इतकं गार होतं की लताबाईंची बोटं आखडली. एका बाजूला जळकं, काळं पडलेलं. नकाशा होता. सालाखाली चांदणी होती. साल तेच. वर बघेपर्यंत बाई उतारावरून खाली गेली होती.

लताबाईंनी अल्बम मांडीवर घेतला. मागे गोणपाटावर आवाज चालला होता, तो थांबला. कुणीतरी श्वास रोखून धरावा तसं झालं. आता एवढं नाणं कप्प्यात सरकवलं की झालं, कावळ्याने नाकारलेला माणूस मोकळा. आणि उद्यापासून डबा पालथा केला की नुसती नाणी पडणार. त्यांना रडू फुटलं. त्यांनी ते नाणं कप्प्याच्या तोंडाशी धरलं. बोट पुढे जाईना.

“मावशी, सुट्टे द्या ना, घोटीची गाडी जाईल,” समोर एक माणूस पाचाचं नाणं धरून उभा होता.

लताबाईंनी पाच घेतले आणि परत द्यायचे तीन त्याच्या तळव्यावर ठेवले, डब्यातलं एकाचं आणि हातातलं दोनाचं. त्याने न बघता खिशात टाकले आणि चपला सरकवून चालू पडला. खूप वेळ मागे काहीच वाजलं नाही. मग हळूच एक नाणं सरकलं, त्यामागून दुसरं.

“रागवा हवं तर,” मागे न बघता लताबाई म्हणाल्या. “पण मला तुमच्याबिगर करमत नाय.”