उताऱ्यातली डबी

लेकराचं दुखणं आईच्या नजरेतून सुटत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. १९४४ च्या श्रावणात उंब्रजच्या अंबूबाईनं मोटारीतून उतरलेल्या आपल्याच मुलाला सांगलीकडचा हळदीचा हमाल समजून पुढे जाऊ दिलं. तो घरी जाऊन उंबऱ्यावर बसला, तेव्हा मात्र तिच्या नजरेतून काही सुटलं नाही. जोतीरामचं कपाळ पिवळं होतं, तळवे पिवळे होते, नखंसुद्धा पिवळी होती.

अंबूबाईला हा रंग माहीत होता. तिचा नवरा याच रंगाचा होऊन काविळीनं गेला होता. आता घरात पुरुषमाणूस म्हणून हा एकच, तोही पलटणीत.

"आये, कावीळ न्हाई ही. गोळ्यांचा रंग हाय." जोतीरामनं खिशातून पत्र्याची डबी काढली. "बर्मात डास चावला की हिवताप येतो. म्हणून रोज एक गोळी. गिळली का न्हाई बघाय हवालदार तोंड उघडाय लावतो."

"एवढं मोठं सरकार, आन् डासाला भितंय?"

"जपान्यापरास डासानं लय माणूस आडवं केलंय. रजेत बी खायाची, हुकूम हाय."

"मजी सरकार तुला पिवळा करतंय, आन् तू हुकूम म्हणून खातूस."

यात चुकीचं काहीच नव्हतं. जोतीरामनं डबी परत खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला नाथाजीकडे नेलं. नाथाजी कावीळ उतरवायचा. रोग्याचे हात चुन्याच्या पाण्यानं चोळायचा आणि पाणी पिवळं झालं की म्हणायचा, बघा, निघाली. एकदा रोग्याऐवजी सोबत आलेल्या मेव्हण्याचे हात चोळले गेले होते, तेव्हाही पाणी पिवळं झालं होतं. त्यानंतर तो मेव्हणाही पथ्य पाळू लागला.

"माजं डोळं बघा की," जोतीराम म्हणाला. "पांढरं हायती."

"डोळ्यात अजून चढली न्हाई. चढल्यावर आला असतास तर मी काय करणार हुतो?"

मग त्यानं इलाज सांगितला. गोळ्यांची डबी रोग्यावरून उतरायची आणि दहीभात, लिंबू, कुंकवासकट तीन वाटा मिळतात त्या तिकाटण्यावर ठेवून यायची. जो उचलेल त्याच्या अंगात दुखणं शिरेल.

जोतीराम म्हणाला, डबी देणार नाही. अंबूबाईनं त्याचा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माजी आण हाय तुला. आता म्हण, गोळ्या खातो म्हणून."

कोहिमाला जपान्यांपुढं न हटलेला माणूस तिथं हटला.

रंग हळूहळू उतरला. नाथाजीचं नाव मसूर गावापर्यंत गेलं. अंबूबाईनं त्याला नारळ दिला आणि पहिल्यांदा नीट झोपली.

रजा संपत आली तेव्हा एका दुपारी जोतीरामला हुडहुडी भरली. तिनं वाकळ घातली, वर दुसरी घातली, शेवटी बैलाची झूलही घातली. खाट खडखड वाजत होती. मग अंग तव्यासारखं तापलं, घामानं भिजलं, आणि एक दिवस सोडून सगळं पुन्हा पहिल्यापासून. तो बरळताना डबीच मागत होता.

नाथाजीनं विचारलं, "पिवळा हाय?"

"न्हाई वं, थंडीनं उडतोय."

"मग कावीळ बरी झाली की. माजं काम तितवरच."

कराडच्या डॉक्टरनं सांगितलं की हा हिवताप आहे, पण त्यावरचं क्विनीन हल्ली सगळं पलटणीला जातं, बाजारात मिळत नाही. मुलगा पलटणीत आहे म्हणता, तर औषध त्याच्याकडेच असेल.

अंबूबाई तशीच पायी तिकाटण्यावर आली. भात कावळ्यांनी खाल्ला होता, लिंबू वाळून टणक झालं होतं. डबी मात्र चिखलात जागच्या जागी होती. इतक्या दिवसांत सारा गाव तिला वळसा घालून जात होता. चाकोरीसुद्धा तिथं वाकडी झाली होती.

गावातला आकाराम गाडी घेऊन निघाला होता. त्यानं बैल थांबवले. "आवं काकी, उतारा हाय त्यो."

"माजाच हाय."

"मग तर नगाच उचलू. आपला आपल्याला उलटला तर दुप्पट हुतो म्हणत्यात."

"हुंदे."

नवऱ्याचे शेवटचे दिवस तिनं पाहिले होते. आपण काय उचलतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं डबी उचलली, पदरानं पुसली आणि मागे न बघता घर गाठलं.

"म्या घातलेली आण म्याच सोडवली," ती म्हणाली. "खा."

पलटणीत आजारी माणसाला देत, तशा दिवसातून तीन वेळा त्यानं गोळ्या खाल्ल्या. ताप हटला. कपाळ पुन्हा पिवळं पडू लागलं, तेव्हा तिला हायसं वाटलं. त्याला मोटारीत बसवून ती परत आली आणि आपल्या काविळीची वाट बघू लागली. बियाण्याचा कांदा कुठं टांगलाय ते तिनं शेजारणीला दाखवून ठेवलं. रोज सकाळी ती उजेडात नखं धरून बघायची.

दसऱ्यानंतर तिला दुखणं आलं. नखं होती तशीच होती. तो हिवताप होता, आणि डबी बर्मात गेली होती.