चार थंड कोपरे

पिझ्झाच्या खोक्याच्या झाकणाला आतून तेलाचा डाग. रात्रभरात तो वाढलेला असतो.

वेंडेलचे मोजे हिरवे. एकाला अंगठ्याशी भोक.

आमच्या गावाखालून कोळसा काढून नेला, जमीन बसली आणि आमचं स्वयंपाकघर कललं. फ्रीजचं दार आपोआप उघडतं म्हणून त्याला खुर्ची लावून ठेवतो.

आमच्याकडे चमचा पडला तर भिंतीपलीकडून फिलोमिना आत्या विचारते, "कोण आलं?" घर एकच, मधोमध भिंत. अर्धं आमचं, अर्धं तिचं. मागच्या दाराबाहेरचा ओटा दोघांचा.

ट्रेला कोपरे चार.

बाबांनी वेंडेलला अजून एकदाही नावाने हाक मारली नव्हती.

*

शेवटचं आधी घेते, कारण जीव तिथे अडकला होता. वेंडेलला आणि मला लग्न करायचं होतं, आणि त्या शनिवारी सकाळी मी ते घरात सांगणार होते. वेंडेल दूरच्या आयोवा राज्यातला. तो आमच्याकडे तिसऱ्यांदा आला होता. बाबा त्याला "हा" म्हणायचे. "याला कॉफी हवी का विचार." "हा किती दिवस आहे?" हा समोरच बसलेला असायचा.

बाबांनी होकार दिला नाही तर मी काय करणार होते, हे मी ठरवलंच नव्हतं.

*

आमच्या ओल्ड फोर्ज गावात पिझ्झा गोल नसतो. तो लांबट चौकोनी ट्रेमध्ये भाजतात, म्हणून आम्ही अख्ख्याला ट्रे म्हणतो आणि तुकड्याला कट. ईस्टरआधीच्या उपासात शुक्रवारी मांस बंद, मग गावभर ट्रे. आमच्या घरात शुक्रवारी मधले कट खायचे, गरम, जीभ भाजत. कोपऱ्यांना हात लावायचा नाही. ते शनिवारच्या सकाळचे. एक बाबांचा, एक आईचा, एक आत्याचा, एक माझा. ज्याला कोपरा, तो घरचा. असं कुणी म्हणत नाही. म्हणायची गरजही पडत नाही.

आणि शनिवारी! खुर्ची सरकवायची, दार आपणहून उघडतं, दिवा लागतो, खोकं बाहेर. ताट नाही, टेबल नाही. उघड्या फ्रीजसमोर उभं राहायचं. काल लोंबणारं चीज आज शहाण्यासारखं घट्ट बसलेलं, त्यावर केशरी तेलाचा पातळ थर गोठलेला, कांदा काल होता त्याहून गोड, आणि पाव असा ताठ की एका हातात कट धरून दुसऱ्या हातात कॉफी घेता येते. दाताला गार, मग घोट कढत, मग पुन्हा गार! दर शनिवारी मला हसू फुटतं. आई म्हणते, "खाताना हसू नकोस, ठसका लागेल." आणि स्वतः हसते.

*

त्या शनिवारी मी जिन्यातच थबकले.

वास येत होता.

शनिवारी सकाळी आमच्या घरात कॉफीशिवाय वास नसतो. हा वितळत्या चीजचा होता.

वेंडेल ओव्हनसमोर उकिडवा बसला होता. हिरवे मोजे, चेहऱ्यावर आनंद.

"सगळ्यांसाठी गरम केलंय," तो म्हणाला. "कोपरेच उरले होते जास्त."

"किती टाकलेस आत?"

"सगळे. का गं?"

भिंतीपलीकडून आत्याने आईला हाक मारली, "लॉरेन! काय जळतंय?"

"काही नाही!" आई म्हणाली. ती दारात कधी आली कुणास ठाऊक. तिने तोंडावर हात ठेवला होता. आणि तिच्या मागे बाबा, गाऊनचा पट्टा बांधत.

मागचं दार धाडकन उघडून आत्या आत. झोपायचा झगा, पायात बर्फाचे बूट. तिने ओव्हनच्या काचेतून आत पाहिलं.

"अगं बाई! या आयोवाने प्रेत उठवलं!"

"आत्या!"

"चारही कोपरे, रेनाटा! तुझा, माझा, सगळ्यांचे!"

वेंडेलने माझ्याकडे पाहिलं. कुणाच्या तरी लग्नात चुकून केकवर बसल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

बाबांनी बटण फिरवलं, टॉवेलने ट्रे बाहेर काढला आणि मागच्या दाराकडे निघाले.

आत्याने बाबांना हाक मारली, "अरे कार्म, माझ्या फ्रीज..."

"फिलोमिना, गप्प बस."

"मी गप्पच आहे."

"मग तशीच राहा."

ओट्याच्या कठड्यावर वीतभर बर्फ होता. बाबांनी ट्रे त्यावर टेकवला. चर्र! वाफ उठली आणि ट्रे आपला आपण खाली बसला.

"आता थांबायचं," बाबा म्हणाले.

"किती वेळ?" वेंडेलने विचारलं.

"होईपर्यंत."

*

तर आम्ही पाच जण. कोट चढवून, ट्रेभोवती, शेकोटीभोवती उभं राहावं तसे. फरक एवढाच की शेकोटी विझायची वाट बघत होतो.

"याच्या पायात मोजेच आहेत," आत्या म्हणाली. "मरेल हा. थांब रे." ती आत गेली आणि तिच्या नवऱ्याचे, लिओ काकांचे, बूट घेऊन आली. काका जाऊन बरीच वर्षं झाली. ते बूट तिने कुणाला हात लावू दिले नव्हते.

"बसतात का?"

"थोडे मोठे आहेत."

"त्याचा पाय मोठाच होता. तोंडही."

बाबा ट्रेकडे बघत बोलले, "गरम करायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, मिस्टर टालारिको."

"मग?"

वेंडेलने बुटात पाय हलवले. "लहानपणी शाळेतून यायचो तेव्हा आई कामावर असायची. फ्रीजमध्ये ताट झाकलेलं. मला शेगडीला हात लावायची परवानगी नव्हती. मी थंडच खायचो, एकटा. थंड म्हणजे घरात कुणी नाही, असं डोक्यात बसलंय. आज मीच आधी उठलो होतो. म्हटलं, इथे कुणाला थंड खायला लागू नये."

आत्याने नाक शिंकरलं, जरा मोठ्यानेच.

बाबांनी ट्रेच्या कडेला थोडा बर्फ सारला. मग म्हणाले, "तुला कुणी शिकवलंच नाही."

"नाही."

"गरम कुणीही खाईल. भुकेला माणूस दगडसुद्धा गरम करून खाईल. पण थंड खातो कोण? ज्याचं काल पोट भरलंय तो. उरलं म्हणजे काल कुणाला कमी पडलं नाही. कळलं?"

"कळलं."

"नाही कळलं. खाल्ल्यावर कळेल."

त्यांनी बोटाची मागची बाजू चीजला लावली, पोराचा ताप बघावा तशी.

"झालं."

एक कोपरा आईला. एक आत्याला. एक मला. चौथा त्यांनी हातात घेतला, उलटा करून तळ पाहिला, आणि तो पुढे केला.

"वेंडेल."

वेंडेलने तो दोन्ही हातांनी घेतला.

"कोपऱ्याकडून खायचं, वेंडेल. मधून नाही."

त्याने चावा घेतला आणि मी त्याचा चेहरा बघत राहिले, आधी नुसता घाबरलेला, मग दात गारठल्याचा, मग दोनदा भाजलेली कड कडकन मोडली तेव्हा भुवया वर, मग कांदा सापडला असणार कारण तो चावायचा थांबला, मग तेल जिभेवर विरघळलं असणार कारण त्याने डोळे मिटले, आणि मग लिओ काकांच्या बुटांत त्याने चक्क उडी मारली.

"हे कालच्याहून भारी आहे!"

"ओरडू नकोस, लोक झोपलेत," आत्या ओरडली.

"काल हे एवढं गोड नव्हतं! कांदा! रेनाटा, कांदा!"

"आम्ही लग्न करतोय!" मी म्हणाले. भरल्या तोंडाने. असं ठरवलं नव्हतं.

"आधी घास गीळ," आई म्हणाली, आणि मला गिळूही न देता तिने मिठी मारली.

बाबांनी ट्रेमधून एक मधला कट उचलला. मधला! शनिवारी, माझ्या आठवणीत पहिल्यांदा. शांतपणे चावला.

"कड जरा जास्त कडक झाली," ते म्हणाले. "वाईट नाही."

आत्याला हसू आवरेना. कठड्याला धरून ती वाकली, बर्फ खाली पडला, तरी ती हसतच होती आणि आपल्या दाराकडे बोट दाखवत होती.

एरवी एकच ट्रे आणणाऱ्या बाबांनी या शुक्रवारी संध्याकाळी दुकानातून दोन आणले होते. दुसरा, पाचव्या कोपऱ्यासाठी, त्यांनी आत्याच्या फ्रीजमध्ये ठेवला होता.